चौदा जखमा

इ. स. 1831 चा ऑक्टोबर महिना होता. फ्रान्सच्या पूर्व भागात ज्यूरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील जंगलातून एक पिसाळलेला लांडगा खाली उतरला आणि गावोगाव हिंडून माणसांना चावत सुटला. आर्ब्वा हे त्या भागातील एक लहानसे गाव. चावा घेतलेल्या माणसांना तेथील लोहाराच्या दुकानात आणले गेले. लोहाराने भट्टीत लोखंडाची सळई लाल होईपर्यंत तापवली आणि ती माणसांच्या उघड्या जखमांवर टेकवली. त्या काळी या रोगावर एवढाच उपाय होता. दुकानाबाहेर जमलेल्या लोकांत आठ वर्षांचा एक मुलगा उभा होता. जळालेल्या मांसाचा वास आणि त्या माणसांच्या किंकाळ्या त्याच्या मनात कायमच्या राहिल्या. डागूनही त्यांच्यापैकी अनेक जण पुढे काही आठवड्यांत तडफडून मेले.

त्या मुलाचे नाव लुई पाश्चर.

लुईचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी डोल या गावी झाला. त्याचे वडील ज्याँ-जोसेफ हे पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्यातून परत आल्यावर ते कातडी कमावण्याचा धंदा करू लागले. पुढे हे कुटुंब आर्ब्वा येथे राहायला आले. घरची परिस्थिती बेताची होती. पण मुलाने शिकून शिक्षक व्हावे, अशी वडिलांची फार इच्छा होती. शाळेत लुई विलक्षण हुशार म्हणून ओळखला जात नव्हता. अभ्यासापेक्षा चित्रे काढण्यात तो अधिक रमे. त्याने आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याला पुढील शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले. पण घराच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला, की काही आठवड्यांतच वडील त्याला परत घेऊन आले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना हे वाचून बरे वाटेल! 1842 मध्ये त्याने विज्ञानाची परीक्षा दिली, तेव्हा रसायनशास्त्रात त्याला साधारण असा शेरा मिळाला. ज्या विषयात त्याने पुढे जगभर नाव कमावले, त्याच विषयातला हा शेरा होता. तो पुन्हा पॅरिसला गेला आणि या वेळी टिकला. 1847 मध्ये त्यांना विज्ञानातील सर्वोच्च पदवी मिळाली.

पाश्चर डॉक्टर नव्हते, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे पहिले मोठे काम स्फटिकांवर होते. त्यानंतर 1854 मध्ये लील या शहरात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथील कारखान्यांत बिटाच्या रसापासून मद्यार्क तयार करत. तो रस मधूनमधून नासत असे. कारण शोधण्यासाठी पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली रसाचे थेंब पाहिले. त्यांना त्यात सूक्ष्म जीव दिसले. चांगल्या रसात एका प्रकारचे आणि नासलेल्या रसात दुसऱ्या प्रकारचे जीव होते. दूध नासते, रस आंबतो, मांस कुजते, ते अशा जंतूंमुळे, हे त्यांनी पुढे सिद्ध केले. जंतू म्हणजे तुम्ही उर्दूत ज्यांना जरासीम म्हणता ते. द्रव ठराविक उष्णतेपर्यंत तापवून त्यातील जंतू मारण्याची जी रीत त्यांनी काढली, तिला त्यांच्याच नावावरून पाश्चरीकरण म्हणतात. सकाळी घरी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर हा शब्द शोधून पाहा.

नासलेल्या रसात जंतू असतात, तर आजारी माणसाच्या शरीरातही ते असतील काय, हा प्रश्न त्यांना आता सोडत नव्हता. या प्रश्नामागे त्यांचे स्वतःचे दुःखही होते. 1859 मध्ये त्यांची थोरली मुलगी झान विषमज्वराने गेली. 1865 मध्ये धाकटी कामीय गेली आणि 1866 मध्ये सेसील विषमज्वरानेच गेली. पाच मुलांपैकी दोनच उरली. 1868 मध्ये पाश्चर यांच्यावर अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांचे वय अवघे 45 वर्षांचे होते. ते आता उठणार नाहीत, असे अनेकांना वाटले. पण अंथरुणावर पडल्या पडल्या ते प्रयोगांच्या नोंदी सांगत आणि त्यांची पत्नी मारी व त्यांचे सहकारी त्या लिहून घेत. पुढची सत्तावीस वर्षे त्यांनी अधू हात आणि ओढत्या पायाने काम केले. नाजूक प्रयोग त्यांना स्वतःच्या हाताने करणे कठीण झाले. म्हणून तरुण सहकाऱ्यांवर त्यांना अवलंबून राहावे लागे. त्यांच्यापैकी एमिल रू हे सर्वांत तयारीचे होते.

1879 मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना त्यांना आढळले, की रोगाचे जंतू बरेच दिवस तसेच ठेवले तर ते दुबळे होतात. असे दुबळे जंतू टोचलेली कोंबडी मरत नाही. उलट पुढे तिला ताज्या जंतूंचीही बाधा होत नाही. 1881 मध्ये पुयी-ल-फोर गावी त्यांनी सर्वांसमक्ष मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या आणि न टोचलेल्या मेल्या. लस म्हणजे आपण घरी ज्याला टीका म्हणतो ती.

याच सुमारास, 1880 च्या डिसेंबरात, एका पशुवैद्याने त्यांच्या प्रयोगशाळेत दोन पिसाळलेले कुत्रे पाठवले होते. लोहाराच्या दुकानाबाहेर उभा राहिलेला मुलगा आता 58 वर्षांचा झाला होता.

हा रोग मोठा विचित्र आहे. मराठीत त्याला जलसंत्रास असेही म्हणतात. कारण रोग्याला तहान लागते, पण पाणी समोर आणले की त्याचा घसा आवळतो आणि तो घाबरून थरथरू लागतो. आज त्याचे रेबीज हे नावच अधिक चालते. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. ते चाव्यातून, नखाच्या ओरखड्यातून किंवा कातडी फाटलेल्या जागी चाटल्याने शरीरात शिरतात. शिरल्यावर ते रक्तातून न जाता मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, तर कधी वर्षही लागते. तोपर्यंत माणूस अगदी ठणठणीत असतो. मात्र विषाणू मेंदूत पोहोचून रोगाची लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. 1880 मध्ये ही स्थिती होती आणि आजही तीच आहे.

पाश्चर यांना या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना. तो इतका सूक्ष्म होता, की त्या काळच्या यंत्रांच्या दृष्टीत येणे शक्यच नव्हते. तो काचेच्या नळीत वाढेना. जो शत्रू दिसत नाही त्याच्याशी लढायचे होते! ते आणि त्यांचे सहकारी पिसाळलेल्या कुत्र्यांना दोरखंडांनी बांधून त्यांच्या जबड्यातून लाळ काढत. पाश्चर स्वतः काचेची नळी ओठांत धरून लाळ ओढत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. हात निसटला असता तर सुटका नव्हती.

लाळेच्या प्रयोगांतून फारसे निष्पन्न झाले नाही. रोग मेंदूचा आहे, तर विष मेंदूत आणि पाठीच्या मज्जारज्जूतच असणार, असा विचार करून त्यांनी मार्ग बदलला. रू यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या कवटीला लहान छिद्र पाडून थेट मेंदूत ते विष सोडण्याची रीत बसवली. मग हेच ससांवर केले. एका सशाच्या शरीरातून दुसऱ्या सशाच्या शरीरात, असे अनेक वेळा केल्यावर विष इतके जहाल झाले, की ससा ठरावीक सहा-सात दिवसांतच आजारी पडू लागला. आता ते विष दुबळे करायचे होते. त्यासाठी मेलेल्या सशाचा मज्जारज्जू दोऱ्याला बांधून काचेच्या चंबूत टांगत. चंबूच्या तळाशी ओलावा शोषून घेणारा क्षार ठेवत. मज्जारज्जू दिवसेंदिवस वाळे आणि त्यातील विषाचा जोर कमी होई. चौदा दिवस वाळलेला तुकडा निरुपद्रवी ठरला. आधी चौदा दिवसांचा, मग तेरा दिवसांचा, मग बारा, अशा क्रमाने कुत्र्यांना टोचत गेले, तर शेवटी ताजे विषही त्यांना बाधेनासे झाले. रोग यायला वेळ लागतो, म्हणून चावा झाल्यानंतरही लस देऊन विषाणूच्या आधी मेंदूपर्यंतची वाट अडवता येईल, अशी पाश्चर यांची कल्पना होती. ही कल्पनाच या सर्व कामाचा प्राण होती, असे मला वाटते.

4 जुलै 1885 रोजी अल्सेस प्रांतातील नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर एकटाच शाळेत निघाला होता. वाटेत एका पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला खाली पाडले. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. एका गवंड्याने लोखंडी सळईने कुत्र्याला हाकलले, तोवर त्याच्या हातापायांवर चौदा जखमा झाल्या होत्या. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला आली आणि 6 जुलैला पाश्चर यांच्या दारात उभी राहिली. मुलाला नीट चालताही येत नव्हते.

पाश्चर यांच्यापुढे मोठा पेच पडला. त्यांचे यश कुत्र्यांवरचे होते. मुलाला लस दिली आणि त्या लशीनेच तो दगावला तर? न दिली आणि रोगाने दगावला तर? शिवाय ते डॉक्टर नव्हते; माणसाला सुई टोचण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. त्यांनी व्ह्यूलपियाँ आणि ग्रांशे या दोन डॉक्टरांना मुलगा दाखवला. त्याच्या वाचण्याची आशा फार थोडी आहे, असे दोघांचे मत पडले. रू यांना मात्र माणसावर एवढ्यात प्रयोग करणे पसंत नव्हते, असे अभ्यासक सांगतात. त्याच संध्याकाळी ग्रांशे यांनी जोसेफच्या पोटाच्या कातडीखाली पहिली सुई टोचली. पंधरा दिवस वाळलेल्या मज्जारज्जूची ती लस होती.

दहा दिवसांत त्याला तेरा वेळा लस टोचली. दर वेळी ती आधीपेक्षा जास्त ताजी, म्हणजे जास्त जहाल असे. जोसेफ प्रयोगशाळेच्या आवारात कोंबड्या, ससे आणि गिनीपिग यांच्याशी खेळत होता. पाश्चर यांची मात्र झोप उडाली होती. शेवटच्या, सर्वांत जहाल सुईच्या वेळी त्यांची रात्र कशी गेली असेल, याची कल्पना तीन मुली गमावलेला बापच करू शकेल. दिवस गेले, आठवडे गेले. जोसेफ घरी परतला आणि ठणठणीत राहिला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या त्यांच्या मृत्यूनंतर बरीच वर्षे त्यांच्या घराण्याकडे होत्या. पुढे त्या अभ्यासकांना पाहायला मिळाल्या. तेव्हा असे दिसले, की ज्या नेमक्या रीतीने जोसेफला लस दिली, त्या रीतीचे कुत्र्यांवरील प्रयोग तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. त्यांनी जाहीरपणे जेवढा भरवसा दाखवला, तेवढा त्यांच्या वह्यांत नाही. चावलेला प्रत्येक माणूस या रोगाने मरतोच असे नाही, त्यामुळे एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, असे त्यांचे विरोधक त्या वेळीही म्हणत होते. आणि त्यात तथ्य होते. थोर माणसाचे चरित्र सांगताना अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये ज्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा मेंढपाळ मुलगा आला. तो पाश्चर यांच्याच ज्यूरा प्रदेशातला होता. आपल्यापेक्षा लहान सहा मुलांवर पिसाळलेला कुत्रा धावून आला, तेव्हा ती पळाली आणि हा एकटा कुत्र्याशी झुंजला. चाव्यानंतर सहा दिवसांनी त्याला लस मिळाली. तो वाचला. पॅरिसमध्ये त्याच्या या झुंजीचा पुतळा आहे.

नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांची लुईज पेल्तिए आली. तिच्या डोक्याला जखम होती आणि चावा होऊन तब्बल 37 दिवस झाले होते. आता उशीर झाला आहे, हे पाश्चर यांना दिसत होते. ती मेली तर विरोधक लशीलाच दोष देतील, हेही त्यांना ठाऊक होते. तरी आईबापांना परत पाठवणे त्यांच्याच्याने झाले नाही. लस दिली. डिसेंबरच्या सुरुवातीला लुईज मरण पावली. जोसेफची गोष्ट सर्वांना माहीत असते. लुईजची फारशी कोणी सांगत नाही. या रोगात दिवस मोजावे लागतात, हे तिच्या गोष्टीवरून कळते.

1886 च्या मार्चमध्ये रशियातील स्मोलेन्स्क भागातून 19 शेतकरी आले. त्यांना पिसाळलेला लांडगा चावला होता. तिघे मेले, सोळा जण जिवंत परत गेले. आर्ब्वातील लोहाराची भट्टी त्या दिवसांत पाश्चर यांना आठवली असेलच. तोवर साडेतीनशे लोकांना लस दिली गेली होती. जागा पुरेना, म्हणून लोकवर्गणीतून मोठी संस्था उभारायचे ठरले. रशियाच्या झारने एक लाख फ्रँक दिले. तुर्कस्तानच्या सुलतान अब्दुल हमीद यांनी देणगी पाठवली आणि ही विद्या शिकण्यासाठी तीन जाणकारही पॅरिसला धाडले. 1887 मध्ये इस्तंबूलमध्ये रेबीजवर उपचार करणारी संस्था सुरू झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे उद्घाटन 14 नोव्हेंबर 1888 रोजी झाले.

त्याच संस्थेत काम केलेला एक तरुण शास्त्रज्ञ पुढे मुंबईला आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी येथे प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे. त्या संस्थेने पुढे अनेक वर्षे रेबीजची लसही बनवली. भारतातली पहिली पाश्चर संस्था मात्र 1900 मध्ये कसौली येथे सुरू झाली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटात टोचत. तिच्या चौदा सुयांची धास्ती तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ती लस भारतात आता वापरात नाही. आजची लस बहुधा दंडात देतात आणि तिच्या चार-पाच मात्रा पुरतात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतही एक वेगळे औषध टोचतात.

मग आजही माणसे का मरतात? जगात दरवर्षी सुमारे 59 हजार लोक या रोगाने मरतात, असा अंदाज आहे आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. बहुतेकांना कुत्र्यापासूनच रोग होतो. पण मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, इतकेच काय गाय-म्हैसही पिसाळू शकते. गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी हातावर ओढणी गुंडाळून बसली होती. विचारले तर आधी सांगेना. मशिदीमागच्या बोळात मांजरीचे एक पोरके पिल्लू तिला सापडले होते. ती त्याला दूध पाजायला गेली, तर त्याने तिच्या हातावर दात रोवले. दुसऱ्या दिवशी पिल्लू कोठे गेले, कोणालाच माहीत नव्हते. घरी कळले तर अब्बा पिल्लांना हात लावू देणार नाहीत, म्हणून तिने तीन दिवस हात लपवला. शेजारच्या बाईंनी जखमेवर लाल तिखट भरले होते.

एवढेसे पिल्लू कसे पिसाळेल, असे तिचे म्हणणे होते. पण त्या पिल्लाला बोळात कोणता कुत्रा चावला होता, हे कोण सांगणार? पिसाळलेले पिल्लू नेहमी अंगावर धावून येते असे नाही. कधी ते नुसते सुस्त पडते, लाळ गाळते, खात नाही आणि आपल्याला त्याची दया येते. रोगाची चिन्हे दिसण्याआधी काही दिवसही लाळेत विषाणू असू शकतात. पाळलेले जनावर असेल, तर ते दहा दिवस नजरेखाली ठेवता येते. बोळातले पिल्लू कोठे शोधणार? मी शाळेच्या नळाखाली तिचा हात धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतला. त्याने लशीची गरज टळत नाही. पण साबणाने हा विषाणू मरतो. मिरची, हळद, चुना यांनी मरत नाही. मग तिच्या वडिलांना बोलावले. ते तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. त्यांना राग आला नाही. मांजरीचा नाही आणि मुलीचाही नाही. तिने सर्व मात्रा पूर्ण केल्या. आता ती दहावीकडे निघाली आहे आणि मांजरींना दूध अजूनही पाजते, पण बशी दुरून सरकवून.

पाश्चर यांची प्रकृती संस्था उघडली त्या वेळीच ढासळली होती. 1892 मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला पॅरिसमध्ये मोठा सत्कार झाला. 28 सप्टेंबर 1895 रोजी ते मरण पावले. आज तोच दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्यांना पाश्चर संस्थेच्या तळघरात पुरले आहे. वरच्या फाटकावर पुढे अनेक वर्षे एक पहारेकरी काम करत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो दार उघडून देई. त्याच्या हातापायांवर लहानपणीच्या चौदा जखमा होत्या. तो जोसेफ माइस्टर होता.